बाण, चकती आणि तारा

रायपूरच्या रस्त्यावर एखादी जुनी जोंगा दृष्टीस पडली, तर तिच्या ‘सीजी ०४’ या क्रमांकावर विसंबून राहू नये. जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून सुमारे तीस वर्षे तयार झालेले हे वाहन मुख्यतः सैन्यासाठी होते. सेवामुक्त झाल्यावर लिलावाच्या वाटेने ते नागरिकांच्या हाती आले.

नवा मालक प्रथम रंग खरवडतो. त्याला बोल लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. परंतु पासबुकाची पाने फाडावीत, तसे त्या रंगासोबत वाहनाचे चरित्रही निघून जाते.

त्या नोंदी वाचणे कठीण नाही. क्रमांकपट्टीवरील ऊर्ध्वमुख बाण ही ब्रिटिश आयुध मंडळाकडून आलेली सरकारी मालमत्तेची खूण. त्यानंतरचे दोन अंक वाहन सैन्यात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. दर्शनी भागावरच्या पिवळ्या चकतीतील आकडा पुलासाठी असतो: वाहनाची भारश्रेणी पुलाच्या श्रेणीहून अधिक असेल, तर चालकाने थांबावे.

दुसऱ्या महायुद्धातील वाहनांवर चित्रलिपीच आढळते. तांबडा गरुड चौथ्या भारतीय डिव्हिजनचा, काळे मांजर सतराव्या डिव्हिजनचे. रणगाड्यावरील त्रिकोण, चौकोन व वर्तुळ ही अनुक्रमे ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ स्क्वाड्रनची चिन्हे. समभुज चौकट मुख्यालयाची.

सर्वाधिक फसवा तो पांढरा तारा. मूळचा अमेरिकी असला, तरी १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत तो इतर दोस्त सैन्यांच्या वाहनांवरही होता. शिवाय हौसेने तो आज कोणीही रंगवतो. अमेरिकी जीपच्या बॉनेटवरील २० ने सुरू होणारा क्रमांक हा त्याहून चांगला पुरावा.

या खुणा ओळखण्याचा सराव करावयाचा, तर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय गाठावे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहात १९६५ च्या युद्धातील पॅटन, तसेच ब्रिटिश व जपानी रणगाडे एकाच आवारात पाहता येतात.

जुने वाहन घरी आलेच, तर पॉलिश कागद हाती घेण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत. रंग एकेक थर करून, ओल्या बारीक कागदाने सावकाश उतरवावा. एका क्रमांकाखाली दुसरा, क्वचित तिसराही असू शकतो.