घसारा आणि अपुरा विमा

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी पेठेतील पुष्कळ दुकाने जुन्या बांधणीची असतात. विटांच्या भिंती, सागवानी लाकूडकाम, वर टिनपत्रे. पुढे दुकान, मागे धान्याचे कोठार. अशा वास्तूला आग लागली आणि सर्वेक्षकाचा अंदाज हाती आला, की मालक पहिला बोल घसाऱ्याला लावतो. तो बोल दरवेळी योग्य ठिकाणी लागतो असे नाही.

अग्निविमा हा नुकसान भरून देण्याचा करार आहे. पॉलिसी बाजारमूल्याच्या आधारावर असेल, तर जळालेल्या जुन्या पत्र्याच्या जागी नवा पत्रा घालताना जुन्या-नव्यातील फरक मालकाने सोसावयाचा असतो. हा फरक म्हणजेच घसारा. वास्तूचे वय, बांधकामाचा प्रकार आणि देखभाल पाहून सर्वेक्षक त्याचा दर ठरवितो. प्राप्तिकराचा घसारा निराळा. दुकानाच्या इमारतीवर तो घटत्या शिलकेवर 10 टक्के दराने धरतात; त्यामुळे 20 वर्षांनी ताळेबंदात मूळ किमतीचे जेमतेम 12 टक्के उरतात. इमारत मात्र उभी असते, तिच्यात व्यापार चाललेला असतो. ताळेबंदातील हा आकडा विम्याच्या दाव्यात किंमत म्हणून पुढे करणे म्हणजे स्वतःच स्वतःचे नुकसान करून घेणे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, 20 वर्षे जुने दुकान आज नव्याने बांधण्यास 20 लाख रुपये लागतील. आयुष्य 50 वर्षे आणि अखेरचे भंगारमूल्य 10 टक्के धरले, तर दरवर्षी 1.8 टक्के, म्हणजे आजवर 36 टक्के घसारा झाला. वास्तूचे मूल्य उरले 12.80 लाख. आगीत छप्पर आणि कोठार गेले. दुरुस्तीचा खर्च 5 लाख. घसारा वजा जाता 3.20 लाख. परंतु विमा उतरविला होता केवळ 8 लाखांचा, कारण बँकेचे कर्ज तेवढेच होते आणि दरवर्षी जुनाच आकडा पुढे चालू राहिला. 12.80 लाखांच्या वास्तूला 8 लाखांचे संरक्षण, म्हणून त्याच प्रमाणात दावा घटतो आणि हाती येतात 2 लाख. त्यातूनही भंगाराची किंमत आणि पॉलिसीतील ठरावीक वजावट जाते.

आता हाच विमा ‘रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू’वर, म्हणजे घसारा न कापता नव्या बांधकामखर्चावर घेतला असता, तर? तेव्हा तुलना 20 लाखांशी होईल. 5 लाखांचे 8/20, म्हणजे पुन्हा 2 लाखच! सर्व भागांना एकच दर लावला, तर घसारा वर आणि खाली दोन्हीकडे येऊन हिशेबातून निघून जातो. दोष अपुऱ्या रकमेचा असतो. नाव घसाऱ्याचे होते. 20 लाखांचा विमा असता आणि बांधकाम मुदतीत प्रत्यक्ष पूर्ण झाले असते, तर वजावट सोडून 5 लाख मिळाले असते. हप्त्यातील फरक त्या मानाने किरकोळ असतो.

राहत्या घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तिच्यात अपुऱ्या विम्याची ही कपात लावली जात नाही. लहान व्यवसायांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते. वरील उदाहरणातील तूट 37.5 टक्के आहे, म्हणून ती सवलत तेथे तोकडी पडते. दुकानातील मालाला वयाचा घसारा नसतो. तो खरेदीखर्चावर मोजला जातो, विक्रीच्या भावाने नव्हे.

सर्वेक्षकाचा दर पटला नाही, तर भिंत, लाकूडकाम, पत्रे, वायरिंग यांचा घसारा वेगवेगळा लिहून मागावा. गेल्या वर्षी बदललेल्या पत्र्यांना 20 वर्षांचा घसारा लावलेला आढळला, तर खरेदीचे बिल दाखवून तो कमी करून घेता येतो. सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. कंपनीने दाद दिली नाही, तर व्यक्ती, एकल मालकीचा व्यवसाय किंवा सूक्ष्म उद्योग यांना विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; 2023 पासून तेथील मर्यादा 50 लाख रुपयांची आहे.