पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

कागदाच्या चिटोऱ्यावर पासवर्ड लिहून दिलेला असतो. अक्षर सुवाच्य, आकडे स्पष्ट. एकेक अक्षर बघून तो फोनमध्ये भरला जातो आणि फोन सांगतो, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा भरला तरी तेच. मग घरातला दुसरा कुणीतरी फोन हातात घेतो, त्यालाही तेच उत्तर मिळतं आणि दोष फोनवर किंवा राउटरवर जातो. जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीसारख्या मराठी गावात या अडचणीचं एक कारण असं आहे, की ते इंग्रजी माहितीपत्रकात सापडणार नाही. फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवलेला असतो, आणि काही फोनांत मराठी कीबोर्डावर आकडेसुद्धा देवनागरीच उमटतात. माणसाला चार हा आकडा देवनागरीत लिहिला काय नि इंग्रजीत लिहिला काय, तो चारच. यंत्राच्या लेखी मात्र ती दोन निराळी चिन्हं आहेत. त्यात पासवर्ड भरताना पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसतही नाही.

पासवर्डाच्या रकान्याशेजारी डोळ्याचं एक छोटं चित्र असतं. त्यावर बोट ठेवलं, की ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसू लागतात. निम्मी दुरुस्ती तिथेच होते. घरगुती वाय-फायच्या नेहमीच्या पद्धतीत पासवर्ड इंग्रजी अक्षरं, इंग्रजी आकडे आणि चिन्हं यांतूनच बनवायचा असतो. तो किमान ८ आणि कमाल ६३ अक्षरांचा असावा लागतो. लहान आणि मोठी लिपी वेगळी धरली जाते. फोन कधी कधी पहिलं अक्षर आपण होऊन मोठं करतो, ते तपासावं. हाताने लिहिलेल्या कागदावर शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘एल’ यांचा घोळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासवर्ड कॉपी करताना कधी कधी शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. ती दिसत नाही, पण पासवर्डात मोजली जाते.

हे इतकं काटेकोर का, याचं उत्तर वाय-फायच्या कुलपात आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. पासवर्डाला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. पहारेकऱ्यापाशी येणाऱ्याने तो उच्चारायचा, जुळला तर आत जायचं. त्यात धोका एकच, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर तो पडू शकतो. वाय-फायमध्ये तर सगळं बोलणं हवेतूनच चालतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणाच्याही फोनपर्यंत त्या लहरी पोहोचतात. म्हणून इथे परवलीचा शब्द उच्चारलाच जात नाही. फोन आणि राउटर दोघेही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४,०९६ फेऱ्यांचं एक गणित करतात आणि त्यातून एक लांबलचक किल्ली तयार करतात. मग एकमेकांना चार निरोप पाठवतात. त्या निरोपांत किल्ली नसते, ती आपल्याकडे असल्याचा पुरावा असतो. एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर निघणारी किल्ली सर्वस्वी वेगळी असते. त्यामुळे ‘जवळजवळ बरोबर’ असा पासवर्ड नसतो, आणि तुमची चूक कितव्या अक्षरात आहे हे राउटर सांगूही शकत नाही.

हे कुलूप एका दिवसात पक्कं झालेलं नाही. वाय-फायचं मूळ मानक १९९७ सालचं. त्याबरोबर आलेलं ‘वेप’ नावाचं पहिलं संरक्षण २००१ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवलं. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ असे त्याचे पुढचे अवतार आले. घरच्या माणसांना या नावांचा उपयोग एका ठिकाणी होतो. नवा राउटर फक्त ‘डब्ल्यूपीए-३’वर ठेवलेला असेल, तर पासवर्ड अचूक असूनही घरातला जुना फोन जोडला जात नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याची सोय बहुधा असते. ती निवडली की जुना फोनही आत येतो.

पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवायची पद्धत मात्र सोडायला हवी. तो लक्षात राहतो हे खरं, पण गावात तो दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, ट्रॅक्टरच्या मागे लिहिलेला असतो. आणि ज्याला तो ठाऊक नाही त्यालाही फार अडचण नाही. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी असतात आणि सहा ते नऊ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर चारशे कोटी. ‘डब्ल्यूपीए-२’वर चालणाऱ्या घरात फोन राउटरला जोडला जात असताना ते चार निरोप कुणी टिपून ठेवले, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड ताडून पाहू शकतो. चारशे कोटी त्याला तासाभराचं काम आहे. त्याऐवजी घरच्यांना आठवतील असे तीन-चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहावेत, मधे एखादा आकडा घालावा. पाठ करायला सोपं आणि फोडायला फार कठीण.

पासवर्ड जुळला, पण आतल्या खोलीत रेंज नाही, ही दुसरी तक्रार. तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातलं नगरपंचायतीचं गाव. समर्थ सहकारी साखर कारखान्याचं ‘सागर’ युनिट इथे आहे, तालुक्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते, पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो. मराठवाड्यातल्या अशा गावांत घरं तीन प्रकारची दिसतात: दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंतींची जुनी, पत्र्याची, आणि सिमेंटच्या स्लॅबची नवी. वाय-फायच्या लहरींना तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने भेटतात. जाड मातीची भिंत त्यांचा जोर शोषून घेते. पत्रा त्यांना परतवून लावतो. स्लॅबमधल्या सळ्याही अडसर करतातच. पाण्याची टाकी, धान्याची पत्र्याची कोठी, लोखंडी कपाट यांच्या आड राउटर ठेवला, तर चार पावलांवरही फोनला धाप लागते.

राउटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीच्या आसपास. ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्मी, तीन बोटांएवढी. मोठी लहर भिंतीतून जास्त निभावते पण सावकाश काम करते. छोटी वेगवान, पण एका भिंतीतच दमते. राउटरची दोन नावं दिसतात आणि त्यातल्या एकामागे ‘५जी’ लिहिलेलं असतं, ते या पाच गिगाहर्ट्झचं. मोबाइल कंपन्यांच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. राउटरच्याच खोलीत बसून व्हिडिओ पाहायचा असेल तर ते निवडावं, स्वयंपाकघरात किंवा अंगणात बसायचं असेल तर दुसरं. काही स्वस्त आणि जुन्या फोनांना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. त्यांच्यासाठी ते नाव यादीत नसणं हा बिघाड नव्हे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला. घरोघरी राउटर ठेवायला आज कुणाची परवानगी लागत नाही, ती सोय अशा निर्णयांमुळे आहे. त्याची दुसरी बाजू अशी, की ब्लूटूथ, मायक्रोवेव्हची भट्टी आणि शेजाऱ्यांचे राउटर याच पट्ट्यात दाटी करतात.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावा. वायर जिथून घरात शिरली तिथेच खिळा ठोकून तो टांगला जातो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. दहा फूट जादा वायर मागून घेतली, तर पुढच्या कित्येक कटकटी वाचतात.

फोन अडून बसतो तेव्हा पडद्यावर काय लिहून येतं ते नीट वाचणं, हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित काम आहे. ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणजे दारातली अडचण. ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ यावर फोन नुसता फिरत राहिला, तर तो दारातून आत आलेला आहे, पण त्याला बसायला जागा मिळालेली नाही. बँकेत टोकन देतात तसा राउटर प्रत्येक फोनला एक तात्पुरता क्रमांक देतो. राउटर लटकला किंवा त्याच्याकडचे क्रमांक संपले, की नवा फोन ताटकळतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे लवकर घडतं, कारण बऱ्याच फोनांवर आठ-दहा जणांनाच जागा असते. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. एवढ्याने हे टोकनांचं दुकान नव्याने मांडलं जातं.

‘कनेक्ट केले, इंटरनेट नाही’ हा तिसरा निरोप, आणि सर्वाधिक गैरसमज याचेच. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय ही फोनपासून राउटरपर्यंतची काही फुटांची हवेतली वाट आहे. इंटरनेट त्या पलीकडून वायरीने येतं. अलीकडची वाट शाबूत असेल तर पंख्यासारखं ते चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतं, मग पलीकडे काहीही झालेलं असो.

तीर्थपुरीच्या लोकांना २६ फेब्रुवारी २०२४ हा दिवस आठवत असेल. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात त्या दिवशी गावात एसटीची बस पेटवली गेली, शेजारच्या अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड या जिल्ह्यांत काही तासांसाठी इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आली. अशा दिवशी ज्या राउटरमागची वाट बंद होते तो चालूच दिसतो, फोन त्याला जोडलेलाही दिसतो, आणि एकही संदेश पुढे सरकत नाही. घरात बसून पासवर्ड बदलण्यात, फोन रीसेट करण्यात अर्थ नसतो.

रोजच्या आयुष्यात पलीकडची वाट तुटण्याची कारणं साधी असतात. रिचार्ज संपलेला असतो. रस्त्याचं किंवा पाइपलाइनचं काम करताना जेसीबीच्या दातात फायबर सापडते. लाइट जाते, घरात इन्व्हर्टर असला, तरी जिथून वायर येते तिथल्या पेटीला वीज नसते. फायबरच्या जोडणीत भिंतीवर एक छोटी पेटी असते. तिच्यावर ‘एलओएस’ असं लिहिलेल्या जागी लाल दिवा लागला, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच तुटला. तो घरात कुणालाच दुरुस्त करता येणार नाही, फोन करून कळवणं एवढंच काम उरतं.

पण घरातल्या दुसऱ्या फोनवर सगळं उघडतंय आणि एकाच फोनवर नाही, तर मात्र दोष त्या फोनात शोधावा. बॅटरी पूर्ण उतरल्यावर कधी कधी फोनची तारीख मागे जाते. संकेतस्थळांची सुरक्षिततेची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात, त्यामुळे तारीख चुकली की ती उघडायला फोन नकार देतो. जाहिराती बंद करायच्या म्हणून कुणीतरी व्हिडिओ बघून ‘खासगी डीएनएस’ बदललेलं असतं, किंवा एखादं व्हीपीएन चालू राहिलेलं असतं. ती पूर्ववत करावीत. राउटरचा पासवर्ड बदलल्यावर फोन जुनाच पाठ म्हणत राहतो. अशा वेळी त्या नेटवर्कच्या नावावर बोट दाबून ‘विसरा’ हा पर्याय निवडावा आणि नव्याने जोडावं. ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ हा अगदी शेवटचा उपाय. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात, फोटो आणि संपर्क राहतात. ‘फॅक्टरी रीसेट’ वेगळं. त्यात फोन कोराच होतो. या दोन शब्दांत गल्लत झाल्याने आयुष्यभराचे फोटो गमावण्याची वेळ येऊ शकते.

या सगळ्याची निकड आता शेतापर्यंत पोहोचली आहे. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून होते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसीही ऑनलाइन आली. शेवटच्या तारखेच्या रात्री एखादं संकेतस्थळ उघडलं नाही, तर आधी दुसरं काहीतरी उघडून पाहावं. ते उघडलं तर वाय-फाय ठीक आहे, खोळंबा त्या एका संकेतस्थळापाशी आहे, आणि पहाटे लवकर उठून केलेला प्रयत्न जास्त फळण्याजोगा असतो.

पासवर्ड भरण्याच्या त्रासातून सुटायची वाट बहुतेक फोनांत आधीच आहे. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून, जोडलेल्या फोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं, की पडद्यावर क्यूआर कोड येतो. दुसऱ्या फोनचा कॅमेरा त्यावर धरला की काम झालं. चहाच्या टपरीवर पैसे देताना कोड धरायची सवय आजीलाही आहे, त्यामुळे हे शिकवावं लागत नाही. त्या कोडाची छापील प्रत काढून आतल्या कपाटाच्या दारावर चिकटवावी, रस्त्यावरून दिसेल अशा जागी लावू नये, कारण त्यात पासवर्ड जसाच्या तसा असतो. दिवाळीला पाहुणे आले, लग्नघरात पन्नास फोन आले, तर राउटरवर ‘गेस्ट’ नावाचं वेगळं नेटवर्क चालू करून त्याचा कोड द्यावा आणि मांडव उतरला की तेही बंद करावं.

तरीही तक्रार करायची वेळ आली, तर ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर थांबू नये. पेटीवरचा कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, किती फोनांवर पाहिलं, पडद्यावर नेमकं काय लिहून आलं, राउटर किती वाजता बंद करून चालू केला, हे चार मुद्दे कागदावर लिहून मग नंबर फिरवावा. समोरच्या तंत्रज्ञाला तेवढ्यावरून कळतं, की शिडी घेऊन खांबावर चढायचं आहे की फोनवरच दोन बटणं सांगायची आहेत.