फेरतपासणी, चाळीस टक्के आणि थांबलेले अनुदान

दिव्यांग व्यक्तीचे सरकारी अनुदान थांबले की रुग्णालयाने टक्केवारी घटवली असणार, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु, उदाहरणार्थ, सातारा जिल्ह्यातील लोणंदच्या रहिवाशाच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारी ठरते ती साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयासारख्या अधिकृत वैद्यकीय केंद्रात, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील पात्रता पाहिली जाते खंडाळ्याच्या तहसील पातळीवर. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना दरमहा 2,500 रुपये देणाऱ्या या योजनेत किमान 40 टक्के अपंगत्वाखेरीज वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची 50,000 रुपयांची मर्यादा, दरवर्षीचा हयातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते याही अटी असल्याने, यांपैकी एखादा कागद अडला असताना पुन्हा वैद्यकीय तपासणी करून घेणे म्हणजे निव्वळ हेलपाटा होय.

प्रमाणपत्र एकदा हाती पडले की ते आयुष्यभर चालते, हा दुसरा गैरसमज. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आणि त्याखालील 2017 चे नियम यांनुसार, अपंगत्वाच्या प्रमाणात बदल संभवत नसेल तरच कायमस्वरूपी प्रमाणपत्र मिळते. बदल संभवत असेल तेथे मुदतीचे, म्हणजे तात्पुरते, प्रमाणपत्र दिले जाते आणि मुदत संपताच नव्याने मोजणी होते. या मोजणीत टक्के उतरले म्हणजे व्याधी बरी झाली, असेही नेहमीच नसते. दृष्टी शक्य तितक्या उत्तम चष्म्यासह मोजली जाते, शिवाय मूल्यांकनाची मार्गदर्शक तत्त्वेही मार्च 2024 मध्ये बदलली आहेत. सर्वाधिक घोटाळा होतो तो बेरजेत: एकाच व्यक्तीला 30 आणि 15 टक्क्यांची दोन अपंगत्वे असतील तर एकूण 45 टक्के धरले जात नाहीत, कारण मोठ्या आकड्यात धाकट्याचा केवळ काही अंश मिळवणाऱ्या सूत्राने, म्हणजे 15 ला 60 ने (90 वजा 30) गुणून 90 ने भागल्यावर येणारे 10 मिळवून, एकूण 40 टक्के भरतात. असा उमेदवार अगदी काठावर पात्र ठरतो, आणि पुढच्या तपासणीत एखादा टक्का घसरला तरी बाहेर पडतो.

बाहेर पडणारा प्रत्येक जण लबाड होता, हा समज सर्वांत अन्यायकारक आहे. तत्कालीन प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रमाणपत्रांवरून 2024 मध्ये वाद उठल्यापासून पडताळणीकडे संशयाच्याच चष्म्यातून पाहिले जाते. तथापि अधिनियमाच्या कलम 91 मधील दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड, अथवा दोन्ही, ही शिक्षा फसवणुकीने लाभ घेणाऱ्यासाठी किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यासाठी आहे, टक्केवारी प्रामाणिकपणे घटलेल्यासाठी नव्हे.

वैद्यकीय निर्णय अंतिमही नसतो. कलम 59 अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे, नियमांनुसार निर्णयापासून 90 दिवसांत, दाद मागता येते आणि त्या प्राधिकरणाला अर्जदाराचे म्हणणे ऐकून सकारण आदेश द्यावा लागतो. म्हणूनच नकाराची कारणे लेखी मागून घेणे अगत्याचे आहे. चाळीसच्या खाली गेलेल्याचे सारे हक्क संपतात, हेही खरे नाही: परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केले. निराधार अनुदानाला मात्र तो निवाडा लागू होत नाही. तेथे चाळीसची रेघ कायम आहे.