अर्धवट कादंबरी आणि बुडीत खर्च

आमच्या टेबलावर एक जाडजूड कादंबरी तीन महिने पडून होती. 500 पानांपैकी 180 वाचून झाली होती. पुढे वाचवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. 'एवढी वाचली, आता पुरीच करू', असं म्हणत राहिलो आणि तेवढ्या काळात दुसरं एकही पुस्तक उघडलं नाही.

जरा हिशेब करून पाहू. 180 पानांवर गेलेला वेळ कादंबरी पुरी केली तरी परत मिळणार नाही, सोडली तरी नाही. दोन्ही पर्यायांत तो सारखाच, म्हणून निर्णय घेताना तो वजा होऊन जातो. अशा खर्चाला अर्थशास्त्रात 'बुडीत खर्च' म्हणतात. प्रश्न उरतो तो पुढच्या 320 पानांचा: तो वेळ इथे द्यावा की दुसऱ्या पुस्तकाला?

पण माणसं असा हिशेब करत नाहीत. आर्केस आणि ब्लूमर यांनी 1985 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट घेणाऱ्या 60 जणांपैकी काहींना पूर्ण किंमत, 15 डॉलर, पडली. काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कोणताही निकष न लावता, 2 किंवा 7 डॉलरची सूट मिळाली. नाटकं तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरणारे जास्त नाटकांना आले!

पक्ष्यांनाही 'कधी सोडावं' हा प्रश्न पडतो. एका झुडपातले किडे कमी होत जातात. दुसरं झुडूप गाठायला वेळ लागतो. चार्नोव्ह यांनी 1976 मध्ये मांडलेला नियम असा: इथली मिळकत एकूण परिसरातल्या सरासरीपर्यंत (प्रवासाचा वेळ धरून) उतरली की निघावं. इथे आधी किती वेळ घालवला, याची वेगळी किंमत धरलेली नाही.

मात्र कादंबरी म्हणजे झुडूप नव्हे. काही कादंबऱ्या सावकाश रंगतात. म्हणून वाचलेली पानं खर्च म्हणून मोजू नयेत, पण पुरावा म्हणून जरूर मोजावीत. लेखकाची भाषा, पात्रं, विषय यांवरून पुढचा अंदाज बांधता येतो. शिवाय 'कंटाळवाणं' आणि 'अवघड' यांत फरक आहे. अवघड पुस्तक थोडं थांबून, कुणाला विचारून पुढे नेता येतं.

वाचनालयाच्या तासाला मुलांना एक प्रश्न विचारून पाहा: 'आतापर्यंतची गोष्ट कुणी तुला फुकट सांगितली असती, तर इथून पुढे तू हे पुस्तक वाचलं असतंस का?' उत्तर 'नाही' आलं, तर कारण वहीत लिहायला सांगा आणि पुस्तक बदलून द्या. 'घेतलं ते पुरं कर' या सक्तीने एक पुस्तक पुरं होईलही. पण मूल दुसरं उचलणार नाही, आणि तो तोटा फार मोठा आहे.

आम्हीही स्वतःला हाच प्रश्न विचारला. कादंबरी आता कपाटात आहे.