मेणवलीचा वाडा आणि डागडुजीची बाजू

देवळाचा जीर्णोद्धार होतो, घराची डागडुजी. जुन्या वाड्यांबद्दल बोलताना हा भेद आपण विसरतो. जीर्णोद्धारात जुने उतरवून नवे चढवायची मोकळीक असते. देव जागेवर राहिला की देऊळ तेच राहते. वाईजवळच्या मेणवलीत, कृष्णेच्या काठी, नाना फडणवीसांनी बांधलेल्या वाड्याला ही मोकळीक लागू करता येत नाही. १७६८ साली इनाम मिळालेल्या या गावातल्या वास्तूचे सहा चौक, सागवानी खांब, भिंतींवरची चित्रे आणि पाठीमागचा चंद्रकोरी घाट हेच तिचे सर्वस्व. त्यातले जे बदलाल ते कायमचे गेले.

यात हळवेपणा नाही, बांधकामाचा हिशेब आहे. वीट, माती आणि चुना यांची भिंत पावसात ओल घेते, उन्हात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि काही पावसाळ्यांनी पोपडा सुटतो तो विटेचा थर घेऊनच. चित्रांच्या भिंतीत तर सोबत चित्रही जाते. चुन्याचे गवंडी मिळत नाहीत, चुना मुरवायला वेळ कुणाला आहे, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण गवंडी नाहीत, कारण काम नाही. दर उन्हाळ्यात कौले चाळायची, पन्हळी साफ करायची, भेगा बुजवायच्या, असे काम निघत राहिले तर हातही तयार होतात. वीस वर्षे ढुंकून न पाहता एकदम कंत्राट काढले की दारात सिमेंटची पोतीच उतरणार. वाडे पडतात तेही बहुधा एका फुटक्या कौलापासून: पाणी भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाशी मुरते, सागवानही कुजते आणि एके दिवशी माडी बसते.

मग सरकारनेच ताबा घ्यावा, असा सोपा उपाय सुचवला जातो. इंग्लंडमधल्या जमीनदारी हवेल्या मृत्युकराखाली मोडू लागल्या तेव्हा नॅशनल ट्रस्टने १९३७च्या कायद्याच्या आधारे त्या स्वीकारायला सुरुवात केली. लॉर्ड लोथियन यांचे ब्लिकलिंग हॉल १९४० साली असेच ट्रस्टकडे आले. मात्र घरासोबत त्याच्या निगराणीची पुंजीही मागितली जाई आणि घराणे तिथेच राहू शके. आपल्याकडे इनामे गेली, वाडे उरले. वारसांना बाजूला सारून कुलूप लावलेला वाडा कोण झाडणार? ‘स्वदेस’सारख्या (२००४) चित्रपटांचे चित्रीकरण मेणवलीत होते याला नाक मुरडणारे आहेत, भाड्याचे पैसे कौलांवर खर्च झाले तर मुरडायचे कारण दिसत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच. रयतेच्या वसुलीवर उभ्या राहिलेल्या ऐश्वर्यासाठी आज का झिजायचे? शिवाय इतिहास तर कागदांत आहे: मेणवली दप्तर द. ब. पारसनीस यांनी मिळवले, त्यांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उजेडात आणले. पण बाहेरच्या चौकातून आतल्या चौकात कुणाला कुठवर जाता येई, कुणाला उंबऱ्याशीच थांबावे लागे, हे दप्तरापेक्षा वाडा स्पष्ट सांगतो, आणि त्या वसुलीचा जाब विचारायलाही साक्षीदार उभा असावा लागतो. मागच्या घाटावर, मेणेश्वराच्या शेजारी, वसईच्या १७३९च्या मोहिमेत हाती आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा अजून टांगलेली आहे.