बंदिवानांची साक्ष

ज्याच्या कपाळीं एकदां चोरीचा शिक्का बसला, त्याच्या तोंडचें सत्यहि जगास असत्य वाटतें. ‘सायप्रस’ नामक इंग्रजी जहाजाचा वृत्तांत आम्हांस या दृष्टीनें फार बोधप्रद वाटतो.

आस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटास पूर्वीं व्हॅन डीमन्स लँड म्हणत. इंग्लंडांतील कैद्यांचें तें काळें पाणी होय. तेथेंहि पुन्हां अपराध करणारांसाठीं पश्चिम किनार्‍यावर मक्वारी हार्बर हें अधिक कठोर बंदिस्थान होतें. १८२९ च्या ऑगस्टांत होबार्टहून ३१ कैदी घेऊन हें दोन डोलकाठ्यांचें जहाज तिकडे निघालें. वाटेंत रिशर्श उपसागरांत तें नांगरलें असतां सैन्याधिकारी होडींतून मासे धरावयास गेला. तेवढ्यांत कैद्यांनीं पहारेकर्‍यांस आवरून जहाज बळकाविलें. कोणाचा प्राण गेला नाहीं. ४० हून अधिक माणसें ओसाड किनार्‍यावर उतरवून १८ जण पसार झाले. उतरविलेल्यांपैकीं पॉपजॉय नांवाच्या कैद्यानें ओल्या फांद्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून होडकें केलें, व त्यांतून जाऊन मदत आणिली.

पळालेल्यांचा नेता विल्यम स्वॅलो हा मुरलेला खलाशी होता. न्यूझीलंड, चॅटम बेटें, जपान असा प्रवास करून ते चीनजवळ पोंचले. तेथें जहाज बुडवून त्यांनीं आपण जहाज फुटलेले खलाशी असल्याचें सोंग घेतलें. परंतु तें टिकलें नाहीं. १८३० च्या डिसेंबरांत लंडन येथें दोघांस फांशी झाली. ‘मला जबरीनें नेलें,’ हा स्वॅलोचा बचाव ज्यूरीनें मानिला, म्हणून तो वांचला. मात्र जपानी किनार्‍यावर आपणांवर तोफा डागल्या, हें त्याचें कथन पुढें दीर्घकाळ बढाई समजलें गेलें. कारण त्या काळीं जपानचीं द्वारें परकीयांस बंद होतीं.

२०१७ मध्यें मात्र नवल घडलें. शिकोकु बेटावरील मुगी गांवाजवळ १८३० च्या जानेवारींत आलेल्या एका परकीय जहाजाचें वर्णन सामुराई योद्ध्यांनीं लिहून ठेविलें होतें. जहाजाचीं, त्यावरील माणसांचीं व कुत्र्याचींहि रंगीत चित्रें काढिलीं होतीं. परकीय जहाज दिसतांच हांकून लावावें, अशी १८२५ ची राजाज्ञा होती. तदनुसार तोफा उडवून तें घालविलें. हें वर्णन स्वॅलोच्या कथनाशीं जुळलें.

न्यायशास्त्रांत आप्तवाक्य प्रमाण मानितात. पण म्हणून अनाप्ताचें प्रत्येक वाक्य खोटें ठरत नाहीं. स्वॅलो १८३४ मध्यें पोर्ट आर्थरच्या बंदिस्थानांत वारला. त्याचा शब्द खरा ठरावयास त्यानंतर १८३ वर्षें लागलीं. आणि साक्ष दिली ती त्याच्यावर तोफा डागणारांनींच.