दिलेली वस्तू परत मिळत नाही? दिवाणी दावा करता येतो. तीन वर्षांची मुदत मात्र चुकवू नका

वेळणेश्वर (ता. गुहागर) : विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू परत मागितली की आधी "बघू", मग "देतो ना, पळून जातोय काय?" आणि शेवटी "कसली वस्तू? मला काय माहीत नाही." असं एखादं गाऱ्हाणं जवळपास प्रत्येक वाडीत ऐकायला मिळतं. कुणाच्या होडीचं इंजिन अडकलेलं असतं, कुणाचे दागिने, तर कुणा चाकरमान्याची तांब्या-पितळेची भांडी. जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढणारे पुष्कळ. पण अशा वस्तूसाठीही दिवाणी दावा करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. तोवर मुदत निघून जाते.

कायदा काय सांगतो?

घर-जमीन सोडून हलवता येणारी जी मालमत्ता असते तिला कायद्यात जंगम मालमत्ता म्हणतात. स्पेसिफिक रिलीफ अॅक्ट, १९६३ च्या कलम ७ नुसार, ज्याला ताब्याचा हक्क आहे तो आपली ठराविक वस्तू कोर्टामार्फत परत मागू शकतो. त्यासाठी मालकच असायला हवं असंही नाही. तुम्ही भाड्याने आणलेली वस्तू तिसऱ्याने अडकवली, तर तुम्हीही दावा करू शकता.

कलम ८ नुसार काही वेळा "पैसे घे आणि गप्प बस" असं म्हणून समोरच्याची सुटका होत नाही, तीच वस्तू द्यावी लागते. वस्तू विश्वस्त किंवा प्रतिनिधी म्हणून ठेवलेली असेल, तुमच्याकडून गैरमार्गाने गेलेली असेल, किंवा पैशाने भरपाई होण्यासारखी नसेल (आजीची नथ, देव्हाऱ्यातले टाक), तर हे कलम लागू होतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, पावसाळी मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, तुम्ही होडीचं इंजिन ओळखीच्या माणसाच्या पडवीत ठेवलं. १ ऑगस्टला होड्या बाहेर काढायची वेळ आली आणि तो म्हणाला, "नाही देत, जा." तुमचा हंगाम बुडाला. अशा वेळी दाव्यात तीन गोष्टी एकत्र मागाव्यात : इंजिन परत द्यावं, ते मिळणार नसेल तर त्याची किंमत द्यावी, आणि अडवून ठेवल्याने झालेलं नुकसान भरून द्यावं. एखादी मागणी सुटली तर तिच्यासाठी नंतर वेगळा दावा करणं अवघड होतं.

मुदत कधीपासून मोजायची?

मुदत तीन वर्षांची, पण ती सुरू कधी होते हे प्रकरणावर ठरतं. ठेवायला किंवा गहाण दिलेली वस्तू असेल तर तुम्ही मागितल्यावर ज्या दिवशी नकार मिळाला त्या दिवसापासून. चोरीला गेलेली, हरवलेली किंवा अप्रामाणिकपणे लाटलेली असेल तर ती कुणाकडे आहे हे पहिल्यांदा कळल्यापासून. इतर बाबतींत, वस्तू गैरपणे घेतली त्या दिवसापासून.

म्हणजे १ ऑगस्ट २०२५ ला नकार मिळाला असेल तर १ ऑगस्ट २०२८ च्या आत दावा दाखल व्हायला हवा. "आपलाच माणूस आहे, देईल कधीतरी" म्हणत थांबलात तर हक्क खरा असूनही दावा मुदतबाह्य ठरतो. म्हणूनच मागणी आणि नकार या दोन्हींची तारीख कागदावर असायला हवी.

पायरी पायरीने काय करायचं?

१. यादी करा. वस्तूचं वर्णन, खूण, इंजिनाचा नंबर, दागिन्याचं वजन, अंदाजे किंमत. बिल, जुने फोटो, लग्नातले फोटो, साक्षीदारांची नावं सगळं जमवा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. ते पुरावा म्हणून देताना सोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात.

२. वकिलामार्फत नोटीस पाठवा. ठराविक दिवसांत वस्तू परत करा, असं स्पष्ट लिहा. पोच जपून ठेवा. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात.

३. दावा दाखल करा. समोरचा जिथे राहतो किंवा जिथे वस्तू दिली-नाकारली, तिथल्या कोर्टात दावा चालतो. देवाणघेवाण वेळणेश्वरला झाली असेल तर समोरचा डोंबिवलीला राहायला गेला म्हणून तुम्हाला तिकडे खेपा घालायची गरज नाही. गुहागरच्या दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. रक्कम मोठी असेल तर वरच्या कोर्टात जावं लागतं. कोर्ट फी वस्तूच्या बाजारभावावर असते.

४. समन्स बजावल्यावर समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस मिळतात, कोर्ट ते ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. वस्तू तो विकून टाकेल अशी भीती असेल तर दाव्यासोबतच मनाईचा अर्ज द्या.

५. निकाल तुमच्या बाजूने लागला तर हुकूमनाम्यात वस्तू न मिळाल्यास किती रक्कम द्यायची तेही लिहिलेलं असतं. तरीही दिलं नाही तर दरखास्त दाखल करायची. त्यात वस्तू जप्त होऊ शकते, समोरच्याच्या मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते.

समोरच्याचाही हक्क असू शकतो

मेस्त्रीने इंजिन दुरुस्त केलं आणि मजुरी बाकी असेल, तर ती मिळेपर्यंत इंजिन ठेवून घ्यायचा त्याला हक्क आहे (करार कायदा, १८७२, कलम १७०). पण जुन्या, दुसऱ्याच उधारीसाठी त्याला ते अडवता येत नाही.

स्त्रीधनाचं काय?

सासरी अडकलेले दागिने हा सगळ्यात नाजूक विषय. केरळमधल्या एका महिलेचे ८९ पवन सोने लग्नानंतर नवऱ्याने आपल्या आईकडे ठेवायला दिलं आणि ते कर्ज फेडण्यात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये स्त्रीधनावर नवऱ्याचा मालकी हक्क नसतो असं सांगत तिला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. लग्न २००३ चं, कौटुंबिक न्यायालयाचा निकाल २०११ चा. लढाई लांबली, पण हक्क बुडाला नाही. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण असेल तर २००५ च्या कायद्यातील कलम १९(८) खाली दंडाधिकारीही स्त्रीधन परत द्यायचा आदेश देऊ शकतात.

पोलिसांत जायचं की कोर्टात?

"हे दिवाणी आहे" असं पोलीस ठाण्यात ऐकायला मिळतं, आणि निव्वळ हिशेबाचा वाद असेल तर ते बरोबरही असतं. पण विश्वासाने दिलेली वस्तू अप्रामाणिकपणे लाटली असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली तो गुन्हा आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. मात्र कुलूप तोडून आपली वस्तू आपणच उचलून आणू नका. तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर?

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. भावकीतल्या वादात हा मार्ग पुष्कळदा बरा, कारण उद्या एकाच पाणंदीतून जायचं-यायचं असतं.

आणि यापुढे काही ठेवायला द्याल तेव्हा साध्या वहीच्या पानावर दोन ओळी, तारीख आणि सही घ्या. त्यात अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. उद्या शब्दाला शब्द लागला तर तेच पान तुमच्या बाजूने बोलेल.